हिरव्या मेजावरचा खेळ : कौशल्य आणि आनंद



साताऱ्याच्या एखाद्या सुशिक्षित घरांत कॉलेजांत जाणारा मुलगा रात्रीं जेवणाच्या वेळेला उशिरां परत आला, आणि ‘कोठें होतास?’ या प्रश्नाला ‘पूल खेळत होतों’ असें उत्तर त्यानें दिलें, तर वडिलांच्या कपाळावर एक आठी उमटल्याशिवाय राहत नाहीं. तोच मुलगा ‘कॅरम खेळत होतों’ असें म्हणाला असता, तर ‘बरें, हातपाय धुऊन पानावर बैस’ एवढ्यावर प्रकरण मिटलें असतें. आणि सांगलीच्या एखाद्या घरांत तो ‘बुद्धिबळ खेळत होतों’ असें म्हणाला असता, तर आईनें शेजारणीला तें कौतुकानें सांगितलेंही असतें. वास्तविक पाहतां पूल हा खेळ या दोन्ही खेळांचा जवळचा आप्त आहे. नेम कॅरमचा, विचार बुद्धिबळाचा आणि शरीराची ठेवण तालमींतील पवित्र्याची, असा त्याचा पिंड आहे. मग एकाच कुळांतील भावंडांपैकीं एकालाच घरांत मज्जाव कां? दोष खेळाचा, कीं त्याच्या संगतीचा? आणि ज्याला हा खेळ खेळावयाचाच आहे, त्यानें तो चांगला कसा खेळावा व त्यापासून निर्मळ आनंद कसा मिळवावा? या दोन प्रश्नांचा आज विचार करावयाचा आहे.

प्रथम संगतीविषयीं. इंग्रजींतील ‘पूल’ या शब्दाचा एक जुना अर्थच मुळीं, खेळणाऱ्या सर्वांनीं मिळून मधें ठेवलेली पैशांची रास, असा आहे. एकोणिसाव्या शतकांत अमेरिकेंत घोड्यांच्या शर्यतींवर पैसे लावण्याचे अड्डे असत, त्यांना ‘पूलरूम’ म्हणत. एक शर्यत संपून दुसरीची वार्ता येईपर्यंत गिऱ्हाइकांनीं उठून जाऊं नये, म्हणून तेथें बिलियर्डचीं मेजें मांडून ठेवीत. पुढें अड्ड्याचें नांव मेजाला चिकटलें आणि मेजाचें नांव खेळाला. आपल्याकडेही या कुळांतील खेळ आले ते साहेबलोकांच्या क्लबांतून आणि लष्करी छावण्यांतून. स्नूकर हा खेळ तर हिंदुस्थानांतच जन्मला. १८७५ सालीं जबलपूरच्या छावणींत नेव्हिल चेंबरलेन नांवाच्या एका तरुण इंग्रज अधिकाऱ्यानें पावसाळ्यांतील रिकाम्या वेळांत तो बसविला, असें मानलें जातें. तेव्हां क्लबांतील पेला, छावणींतील पैज आणि अड्ड्यावरील जुगार, या तिन्ही गोष्टींची सावली या खेळावर प्रारंभापासूनच पडलेली आहे. वडिलांच्या कपाळावरील आठी ही या सावलीची आहे. आणि ती अगदींच निराधार नाहीं, हें कबूल केलें पाहिजे.

परंतु सावली म्हणजे वस्तु नव्हे. पुण्यांत २ मे १९२२ रोजीं जन्मलेले विल्सन जोन्स यांचें उदाहरण या बाबतींत लक्षांत ठेवण्याजोगें आहे. १९५८ सालीं कलकत्ता येथें हौशी बिलियर्डपटूंचें जागतिक अजिंक्यपद त्यांनीं मिळविलें. एकट्यानें खेळावयाच्या कोणत्याही खेळांत जगज्जेता ठरलेला तो पहिला भारतीय होय. पुढें १९६४ सालीं न्यूझीलंडमध्यें त्यांनीं तेंच पद दुसऱ्यांदां जिंकलें. साताऱ्याच्या अभिमानाचा विषय म्हणजे कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. त्यांनीं १९५२ सालीं हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्यें कुस्तींत ब्राँझपदक मिळविलें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक. या दोन घटनांमध्यें अवघीं सहा वर्षांचें अंतर आहे. एकाची कीर्ति मातींतून उगवली, दुसऱ्याची हिरव्या बनातीवर. पहिल्याला आपण डोक्यावर घेतलें तें योग्यच झालें; परंतु दुसऱ्याचें नांव आपल्या घरांतून फारसें निघत नाहीं, हें मात्र तितकेंसें योग्य नाहीं. त्यानंतर पुण्यांतच जन्मलेले व बंगळूरला वाढलेले पंकज अडवाणी यांनीं बिलियर्ड आणि स्नूकर मिळून वीसांहून अधिक जागतिक विजेतेपदें मिळविलीं आहेत. ज्या खेळांत इतकी तपश्चर्या सामावूं शकते, तो केवळ उनाडांचा खेळ आहे, असें म्हणतां येणार नाहीं.

आतां खेळाकडे वळूं. पुलाच्या मोठ्या मेजाची खेळावयाची जागा १०० इंच लांब व ५० इंच रुंद असते. खालीं दगडी पाटी, तिच्यावर ताणून बसविलेली बनात, चारी बाजूंना रबरी कडा, चार कोपऱ्यांना चार आणि लांब बाजूंच्या मध्यावर दोन असे सहा खिसे. चेंडूंचा व्यास सव्वादोन इंच. एके काळीं हे चेंडू हस्तिदंताचे करीत. एका खेळासाठीं हत्तींचे प्राण जात. आज ते कृत्रिम राळेचे असतात, ही त्या खेळाच्या इतिहासांतील एक चांगली सुधारणा होय. सर्वांत प्रचलित प्रकारांत पंधरा क्रमांकित चेंडू असतात. एकानें एक ते सात हे एकरंगी चेंडू, दुसऱ्यानें नऊ ते पंधरा हे पट्ट्यांचे चेंडू खिशांत घालावयाचे, आणि आपले सातही संपले म्हणजे शेवटीं आठ क्रमांकाचा काळा चेंडू घालावयाचा. काठीचा स्पर्श मात्र पांढऱ्या चेंडूलाच व्हावयाचा. एवढे नियम पांच मिनिटांत समजतात. पुढचें सर्व आयुष्य त्या पांढऱ्या चेंडूला समजण्यांत जातें.

या खेळाचे पहिले गुरु म्हणजे आपली तालीम. कवठेपिरानचे मारुति माने यांनीं १९६२ सालीं जाकार्ता येथील आशियाई खेळांत कुस्तीचें सुवर्णपदक मिळविलें. त्यांच्यासारख्या मल्लांचा पवित्रा ज्यांनीं पाहिला असेल, त्यांना पाय रोवून उभें राहणें म्हणजे काय, हें निराळें सांगावयास नको. पुलांतही पहिली चूक पायांत होते आणि ती हातांत दिसते. उजव्या हातानें खेळणाऱ्यानें उजवें पाऊल काठीच्या रेषेखालीं ठेवावें, डावें पाऊल थोडें पुढें व बाहेर घ्यावें, आणि कंबरेंतून असें वाकावें कीं हनुवटी काठीच्या अगदीं वर यावी. डावा पंजा बनातीवर पसरून अंगठा व तर्जनी यांच्या खांचेंतून काठी सरकवावी. उजव्या हातानें काठी कशी धरावी? जात्याचा खुंटा धरावा तशी मूठ आवळून नव्हे, तर पूजेंतील पळी धरावी तशी हलक्या बोटांनीं. कोंपरापासून खालचा हात भिंतीवरील घड्याळाच्या लंबकाप्रमाणें मागेंपुढें झुलावा. कोंपर, खांदा आणि मस्तक हीं तिन्ही स्थिर असावींत.

काठीचें चामडें चेंडूला लागतें तो काळ सेकंदाच्या सुमारें हजाराव्या भागाइतका असतो. एवढ्या अल्प काळांत कोणतीही दुरुस्ती करणें मनुष्याच्या हातीं नाहीं. म्हणजे जें कांहीं करावयाचें, तें टोल्याच्या आधींच करून ठेविलें पाहिजे. नवशिका मनुष्य चेंडू कोठें गेला तें पाहण्याच्या उत्सुकतेनें टोल्याबरोबर उठूं लागतो. खरें पाहतां तो टोल्याच्या किंचित् आधींच उठूं लागलेला असतो. त्यामुळें काठी हालते व नेम चुकतो. यास उपाय साधा आहे. चेंडू खिशांत पडेपर्यंत, अथवा चुकून थांबेपर्यंत, वाकलेल्या स्थितींतच राहावें. हा एक नियम महिनाभर निष्ठेनें पाळला, तरी खेळांत जो फरक पडतो तो महागड्या काठीनें पडत नाहीं.

दुसरा गुरु कॅरम. आपल्याकडील बहुतेक मुलांचा नेम कॅरमवर तयार झालेला असतो, आणि ही फार मोठी पुंजी आहे. सोंगटी खिशांत जाण्यासाठीं स्ट्रायकर तिला नेमका कोठें लागला पाहिजे, हें ओळखण्याची जी नजर, तीच येथें लागते. ती नजर आणखी नेमकी करण्याची युक्ति अशी : जो चेंडू घालावयाचा, त्याच्या मागें, खिशाच्या विरुद्ध बाजूला, त्याला चिकटून एक काल्पनिक चेंडू ठेवला आहे असें समजावें. पांढऱ्या चेंडूचा मध्य त्या काल्पनिक चेंडूच्या मध्यावर नेऊन ठेवणें, एवढेंच आपलें काम. शाळेंत भूमितीच्या तासाला जांभया देणारा विद्यार्थी ही रेषा मेजावर न कंटाळतां तासन्‌तास काढीत बसतो. त्यानें हीच भूमिति असल्याचें कोणी त्याला न सांगितलेलें बरें!

तथापि कॅरमचा विद्यार्थी पुलाच्या मेजावर प्रथम हमखास फसतो, आणि तें दोन कारणांनीं. पहिलें कारण अंतराचें. समजा, दोन चेंडूंच्या मध्यांमध्यें ५७ सेंटिमीटर अंतर आहे आणि समोर सरळ टोला आहे. अशा वेळीं पांढऱ्या चेंडूची दिशा एक अंश चुकली, तर दुसऱ्या चेंडूची दिशा सुमारें नऊ अंश चुकते. चूक नऊपट वाढते! अंतर दुप्पट झालें कीं चूक जवळजवळ एकोणीसपट. म्हणून लांबचा टोला जोरानें मारून साधत नाहीं. उलट, मागचा डाव असा खेळावा कीं पुढचा टोला लांबचा राहूंच नये.

दुसरें कारण अधिक मार्मिक आहे. कॅरमची सोंगटी घसरते; पुलाचा चेंडू लोळतो. स्ट्रायकर सोंगटीला पूर्ण समोरून लागला कीं त्याचा जोर बराच कमी होतो. परंतु लोळत आलेला पांढरा चेंडू आपलें लोळणें बरोबर घेऊन येतो, आणि टक्कर झाल्यावरही पुढें चालूं लागतो. नवशिक्याचा रंगीत चेंडू खिशांत पडतो, तो हर्षानें हात वर करतो, आणि त्याच वेळीं पांढरा चेंडू शांतपणें त्याच खिशांत त्याच्या मागोमाग जातो. हा प्रसंग ज्याच्यावर आला नाहीं असा खेळाडू विरळा. चेंडूला कोठें मारिलें असतां तो कसा वागेल, याचें शास्त्र आहे. मध्याच्या वर मारल्यास तो टकरीनंतर पुढें जातो. मध्याच्या पुरेसें खालीं मारल्यास, उलटें फिरणें शिल्लक असेपर्यंत, तो मागें येतो. आणि टकरीच्या क्षणीं तो मुळींच फिरत नसेल, तर सरळ टोल्यांत तो जागच्या जागीं थांबतो. टोला तिरकस असेल, तर असा न फिरणारा चेंडू दुसऱ्या चेंडूच्या वाटेशीं काटकोन करून निघतो. उलटपक्षीं, स्वाभाविक लोळणारा चेंडू मध्यम जाडीच्या टकरीनंतर आपल्या मूळ वाटेपासून सुमारें तीस अंशांनीं वळतो. हे दोन कोन, नव्वद आणि तीस, ज्याच्या डोळ्यांत बसले, त्याला अर्धा खेळ आला असें समजण्यास हरकत नाहीं.

वाऱ्यांच्या दिशेवर पृथ्वीच्या फिरण्याचा जो परिणाम होतो, त्याला ज्याचें नांव दिलेलें आहे, त्या कोरिओली नामक फ्रेंच पंडितानें १८३५ सालीं बिलियर्डच्या गणितावर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता. एवढ्या मोठ्या पंडितालाही हा विषय क्षुद्र वाटला नाहीं. सामान्य खेळाडूनें त्यापैकीं एवढेंच ध्यानांत ठेवावें कीं, चेंडूच्या मध्यापासून त्रिज्येच्या निम्म्याहून अधिक दूर मारूं गेल्यास चामडें घसरतें. आणि डाव्या-उजव्या बाजूला मारून चेंडू फिरविण्याचा मोह पहिलें वर्षभर तरी आवरावा. बाजूला मारलेला चेंडू आपल्या रेषेवर न जातां किंचित् विरुद्ध दिशेला सरकून निघतो, आणि नेम पक्का नसलेल्याला आपण कशामुळें चुकलों हेंच मग उमगत नाहीं. तसेंच, कडेवर आपटून परतणारा चेंडू आरशावरील किरणाप्रमाणें समान कोनांत परततो, हा नियम स्थूलमानानेंच खरा आहे. जोरानें मारलेला चेंडू कडेवरून अधिक सरळ परततो. तेव्हां जोर कमी ठेवावा, म्हणजे भूमिति आपल्याशीं प्रामाणिक राहते.

तिसरा गुरु बुद्धिबळ. आणि येथें सांगलीचें ऋण मान्य केलें पाहिजे. या गांवांत भाऊसाहेब पडसलगीकर यांनीं नूतन बुद्धिबळ मंडळाच्या द्वारें पिढ्यान्‌पिढ्या मुलामुलींना पटापाशीं बसविलें. भाग्यश्री साठे-ठिपसे आणि स्वाती घाटे यांच्यासारख्या खेळाडू याच सांगलीच्या. त्या परंपरेनें जें शिकविलें, तें एका वाक्यांत सांगावयाचें तर असें : समोरची खेळी नव्हे, तिच्यानंतरची खेळी पाहा. कॅरमवर प्रत्येक वेळीं स्ट्रायकर उचलून आपल्या रेषेवर पाहिजे तेथें ठेवतां येतो. पुलांत पांढरा चेंडू जेथें थांबेल, तेथूनच पुढचा टोला मारावा लागतो. कॅरम आणि पूल यांमधील खरा भेद हा आहे. म्हणूनच जो खेळाडू फक्त चेंडू घालतो, तो तीन चेंडूंनंतर अडतो. आणि जो पांढरा चेंडू कोठें थांबवावयाचा तें आधीं ठरवितो, त्याचा प्रत्येक टोला सोपा दिसतो. प्रेक्षकांना वाटतें, याला सगळे सोपेच टोले मिळाले. ते मिळालेले नसतात, त्यानें ते मागच्या टोल्यांत निर्माण केलेले असतात.

द्रोणाचार्यांनीं झाडावरील पक्ष्याकडे बोट दाखवून ‘काय दिसतें?’ असें विचारिलें, आणि अर्जुनाला पक्ष्याचा डोळाच तेवढा दिसला, ही कथा एकाग्रतेचा पाठ म्हणून आपण सर्वांनीं ऐकली आहे. पुलाच्या खेळाडूला मात्र ही कथा दोन भागांत वाचावी लागते. उभा असतांना त्यानें सगळें झाड पाहावें : कोणता चेंडू प्रथम, कोणता नंतर, कोणता शेवटून दुसरा, पांढरा कोठें यावयास हवा, आणि न साधल्यास प्रतिस्पर्ध्याला काय मिळेल. एकदां वाकल्यावर मात्र डोळाच पाहावा. वाकल्यावर ज्याच्या मनांत दुसरा विचार आला, त्यानें पुन्हां सरळ उभें राहून, काठीला खडू लावून, आरंभापासून आरंभ करावा. उभ्यानें विचार आणि वाकून कृति, ही वांटणी ज्याला साधत नाहीं, तो वाकल्यावर विचार करतो आणि उभा राहिल्यावर पश्चात्ताप करतो.

हे तीन गुरु लाभले तरी चौथ्यावांचून सर्व व्यर्थ. तो चौथा म्हणजे रियाझ. मिरज हें तंबोरे आणि सतारी बनविणारांचें गांव. अब्दुल करीमखांसाहेबांचें वास्तव्यही तेथेंच होतें. तंबोऱ्याची जवारी लावणारा कारागीर घोडीवरील तारेखालीं सुताचा धागा केसभर पुढें, केसभर मागें सरकवीत बसतो, आणि स्वर उमलेपर्यंत त्याला दुसरें कांहीं सुचत नाहीं. पुलाचा रियाझ असाच केसभराचा असतो. आणि बहुतेक खेळाडू तो करीतच नाहींत. ते डावामागून डाव खेळतात आणि त्यालाच सराव म्हणतात. दहा वर्षें डाव खेळूनही पहिल्या वर्षाच्याच चुका पक्क्या झालेले खेळाडू सर्वत्र आढळतात, त्याचें कारण हेंच.

रियाझाचे चार पाठ पुरेसे आहेत. पहिला : मेजावर एकटा पांढरा चेंडू ठेवून तो मध्यरेषेवरून समोरच्या कडेवर मारावा, परत येतांना तो काठीच्या टोंकाशीं यावयास हवा. तो बाजूला गेला, तर हात वांकडा चालतो, हें कोणाच्याही सांगण्यावांचून कळतें. दुसरा : सरळ रेषेंतील टोला मारून पांढरा चेंडू जागच्या जागीं थांबवावा. आधीं एक वीत अंतरावरून, मग दोन वितींवरून, मग हातभरावरून. तिसरा : एकच तिरकस टोला मांडून तो दहादां मारावा आणि किती साधले तें वहींत लिहावें. स्मरणशक्ति चुकांच्या बाबतींत फार दयाळू असते. वही तशी नसते. चौथा : मेजावर तीनच चेंडू टाकून, प्रत्येक टोल्यापूर्वीं पांढरा कोठें थांबेल तें मोठ्यानें सांगून, ते तिन्ही घालावेत. चेंडू गेला, पण पांढरा सांगितलेल्या जागीं थांबला नाहीं, तर तो टोला चुकला असें धरावें. असा अर्धा तास आणि नंतर एक तास डाव, या प्रमाणानें सहा महिने गेले, तर मनुष्य स्वतःलाच ओळखूं येणार नाहीं.

आतां आनंदाचा प्रश्न. आणि येथें पुन्हां वडिलांच्या आठीपाशीं यावें लागतें. पुलाचें मेज तासाच्या भाड्यानें मिळतें. तेथें एक पद्धत सर्रास चालते : हरेल त्यानें मेजाचें भाडें द्यावें. ही गोष्ट दिसावयास किरकोळ आहे. मित्रामित्रांतील गंमत, असें तिला म्हणतात. परंतु विचार केला असतां असें दिसतें कीं, दोष प्रथम शिरतो तो याच दाराने. हरणारा बहुधा कच्चा खेळाडू असतो. ज्याला शिकण्यासाठीं सर्वांत अधिक खेळावयास हवें, त्याच्याच खिशाला चाट बसते. मग तो गमावलेलें भाडें परत मिळविण्यासाठीं आणखी एक डाव मांडतो, आणि त्या डावांत तो शिकत नाहीं, तर झगडतो. त्याचे हात आवळतात, तो जोरानें मारूं लागतो, अवघड टोले धरतो, आणि पुन्हां हरतो. धर्मराज द्यूताला बसला, तेव्हां पहिल्याच डावांत त्याचें राज्य गेलें नव्हतें. ‘आणखी एक डाव’ या तीन शब्दांनीं तें गेलें.

तेव्हां पहिला नियम असा करावा कीं, भाडें सर्वांनीं समान वांटून घ्यावें, मग जिंको कोणीही. दुसरा नियम : किती वेळ खेळावयाचें तें मेजापाशीं जाण्यापूर्वीं घरींच ठरवावें. तिसरा : शक्य तर आपल्याहून थोड्या चांगल्या खेळाडूशीं खेळावें आणि त्याचा खेळ चालू असतांना हातांतील यंत्राकडे न पाहतां मेजाकडे पाहावें. पुलांत अर्धा वेळ बसून राहावें लागतें. तो वेळ ज्याला वाया वाटतो, त्याचा आनंदही अर्धाच राहतो. चौथा : प्रतिस्पर्धी वाकला असतां त्याच्या नजरेच्या रेषेंत उभें राहूं नये, त्याच्या चुकीवर हंसूं नये, आणि दैवानें आपला चेंडू भलत्याच खिशांत पडला, तर तें आपलें कौशल्य म्हणून मिरवूं नये.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख अवश्य आहे. या खेळाला बळ लागत नाहीं, उंची लागत नाहीं, वय आड येत नाहीं. मग तो मुलांनींच खेळावा आणि मुलींनीं खेळूं नये, साठी उलटलेल्यांनीं पाहूंही नये, असा कांहीं शास्त्रार्थ नाहीं. घरच्या कॅरमवर बहीण भावाला हरविते, तेव्हां कोणाला नवल वाटत नाहीं. ज्या ठिकाणीं घरांतील मुलगी निःसंकोचपणें जाऊन तासभर खेळून परत येऊं शकते, तें ठिकाण मुलालाही चांगलेंच. आणि जेथें मुलीला पाठविण्यास मन धजत नाहीं, तेथें मुलालाही पाठवूं नये. जागेची परीक्षा करण्यास याहून सोपी कसोटी नाहीं.

शेवटीं, आठी घातलेल्या वडिलांना एक सूचना. मुलाला जाऊं नकोस असें म्हणण्यापूर्वीं त्यांनीं एके दिवशीं त्याच्याबरोबर जावें, एका कोपऱ्यांत खुर्ची घेऊन बसावें, आणि उपदेश न करतां पाहावें. मुलगा किती चेंडू घालतो, तें मोजूं नये. एक क्षण मात्र टिपून ठेवावा. टोला मारतांना त्याच्या बाहीचा स्पर्श एखाद्या चेंडूला होतो, चेंडू किंचित् हालतो, प्रतिस्पर्ध्याचें तिकडे लक्ष नसतें. अशा वेळीं मुलगा काय करतो? तो गप्प राहिला, तर आठी आणखी खोल व्हावी, यांत गैर कांहीं नाहीं. मात्र तो दोष घरानें आणि शाळेनें आपल्याकडे घ्यावा, हिरव्या मेजाकडे लावूं नये. परंतु तो काठी खालीं ठेवून, ‘माझा हात लागला, आतां तूं खेळ,’ असें आपण होऊन म्हणाला, तर वडिलांनीं त्या रात्रीं उशीर झाल्याबद्दल बोलूं नये. परततांना दोघांनीं मिळून चालत यावें; आणि घरीं पानें वाढलेलीं असतील, तर ‘आज कोठें होतां?’ या प्रश्नाचें उत्तर मुलाऐवजीं वडिलांनींच द्यावें.